यंत्रमानवाचं प्रगतिपुस्तक

वर्षातून दोन वेळा तुमच्या हातात प्रगतिपुस्तक पडतं. मराठी, गणित, परिसर अभ्यास... एकेक विषय आणि त्याच्यापुढे गुण नाहीतर श्रेणी. सगळ्यात खाली बाईंचा शेरा. ते घरी नेताना कुणाची छाती फुगलेली असते, तर कुणाचे पाय जड झालेले असतात. दुसऱ्यानं आपल्याला तपासायचं आणि आपण मुकाट्यानं सही आणायची, असा हा नेहमीचा नियम!

आज आपण तो नियम उलटा करू या. लाल पेन तुमच्या हातात. आणि तपासायचं आहे एका खेळण्याला. साधंसुधं खेळणं नाही हं! क्षणात मालमोटार आणि क्षणात यंत्रमानव होणारं, जगभरचे लोक जपून ठेवतात असं खेळणं. खेळण्याला गुण द्यायचे म्हणजे फार सोपं, असं वाटतंय ना? बघा तर खरं.

विद्यार्थ्याची ओळख

आपल्या विद्यार्थ्याचं नाव ऑप्टिमस प्राइम. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांच्या कुटुंबातला हा सगळ्यांचा पुढारी. सिनेमात किंवा दूरदर्शन संचावर तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिलं असेल.

याचा जन्म जपानचा. तिथल्या टाकारा या खेळण्यांच्या कंपनीनं १९८० मध्ये ‘डायक्लोन’ नावाची खेळणी काढायला सुरुवात केली. पुढे त्यात मोटारींचे यंत्रमानव होऊ लागले. त्यांत बसायला बोटाच्या पेराएवढे चालक असत आणि त्यांच्या पायांत चक्क लोहचुंबक बसवलेला असे. याच मालिकेत १९८३ साली लाल-निळ्या रंगाची एक मालमोटार आली. तिचं तेव्हाचं नाव ‘बॅटल कॉन्व्हॉय’.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो या कंपनीला ही खेळणी फार आवडली. तिनं टाकाराच्या दोन वेगवेगळ्या मालिकांमधली खेळणी निवडली, त्यांना एकत्र आणलं आणि १९८४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावानं बाजारात उतरवलं. त्यांची गोष्ट रचायचं काम मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनाकडे गेलं. डेनी ओ’नील या लेखकानं ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव सुचवलं. बाकीच्या बहुतेकांची नावं आणि स्वभाव ठरवले बॉब बुडियान्स्की यानं. गोष्टीत मोठा बदल झाला. आता हे यंत्रमानव कुणी चालवत नव्हतं. ते सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरचे जिवंत रहिवासी झाले! गंमत म्हणजे जुन्या चालकांसाठी केलेली बसायची जागा कित्येक खेळण्यांत तशीच राहून गेली. चालक गेले, खुर्ची उरली.

आपणच आपल्याला दिलेले गुण

आता एक मजेदार गोष्ट सांगते. आपला हा विद्यार्थी स्वतःचं प्रगतिपुस्तक बरोबर घेऊनच आला होता. खोक्याच्या मागच्या बाजूला एक तक्ता छापलेला असे. ताकद, बुद्धी, वेग, चिकाटी, हुद्दा, धैर्य, मारा करण्याची शक्ती आणि कौशल्य असे आठ विषय, प्रत्येकाला १० गुण. पण तो तक्ता नुसत्या डोळ्यांना वाचता यायचा नाही. त्यावर लाल रेघोट्यांची जाळी असायची. सोबत मिळालेली लाल पारदर्शक पट्टी डोळ्यांसमोर धरली की जाळी गडप आणि खरी रेघ हजर!

ही जादू नाही, विज्ञान आहे. लाल पट्टीतून फक्त लाल प्रकाश आरपार येतो. त्यामुळे पांढरा कागदही लाल दिसतो आणि त्यावरच्या लाल रेघोट्या त्यात मिसळून जातात. निळी रेघ मात्र लाल प्रकाश परत पाठवत नाही, म्हणून ती काळपट, ठळक दिसते. लाल जिलेटिन कागद घेऊन घरी करून पाहा. पांढऱ्या कागदावर फिकट निळ्या पेन्सिलीनं आपलं नाव लिहा, त्यावर लाल स्केचपेननं भरपूर रेघोट्या ओढा आणि जिलेटिनमधून बघा.

तर या तक्त्यात ऑप्टिमस प्राइमला किती गुण होते? वेगात ८, मारा करण्याच्या शक्तीत ८ आणि उरलेल्या सहाही विषयांत १० पैकी १०. एकूण ८० पैकी ७६. म्हणजे शेकडा ९५! वर्गात पहिलाच की.

पण थांबा. हे गुण दिले कुणी? ज्यांना खेळणं विकायचं होतं त्यांनीच. शिवाय ते गुण गोष्टीतल्या वीराला आहेत, आपल्या हातातल्या वस्तूला नाहीत. गोष्टीतल्या वीराचं धैर्य १० पैकी १० असेल, पण खेळण्याचा खांदा ढिला आहे की घट्ट, हे त्या तक्त्यात कुठे लिहिलंय? म्हणून आपले विषय आपणच ठरवायचे. मी सहा विषय काढले आहेत. पहिले तीन विषय कारखान्याचे, म्हणजे खेळणं बनवणाऱ्यांच्या हुशारीचे. पुढचे तीन विषय मालकाचे, म्हणजे ते ज्याच्याकडे राहिलं त्याच्या काळजीचे.

पहिला विषय : गाडी

खेळणं बंद करून, म्हणजे गाडीच्या रूपात, टेबलावर ठेवा. चार पावलं मागे जा. कुणाला काही न सांगता विचारा, “हे काय आहे?” उत्तर चटकन “ट्रक” असं आलं, तर अर्धे गुण तिथेच मिळाले.

आपल्या ऑप्टिमसचा ट्रक चपट्या नाकाचा आहे. लाल केबिन, निळा मागचा भाग, पारदर्शक खिडक्या, चकचकीत मुलामा दिलेली जाळी, रबरी टायर. मागे जोडायला ट्रेलर. आता चाकं फिरवून बघा. चारी बाजूंनी फटी किती दिसतात? यंत्रमानवाचे हात बाहेर डोकावतात का? इथे तो झकास उतरतो. मी देते १० पैकी ९. कापलेला एक गुण कशाचा? मागच्या बाजूनं पाहिलं की “हे तर पाय आहेत!” हे गुपित लगेच फुटतं, त्याचा.

दुसरा विषय : यंत्रमानव

आता त्याला उभा करा. आधार न देता उभा राहतो का? ट्रकच्या खिडक्या त्याची छाती झाल्या आहेत, हे फार सुंदर जमलं आहे. लहान मूलसुद्धा बोट दाखवून सांगेल की ही काच तिथली.

पण हालचाल? पाय चालण्याच्या ऐटीत ठेवता येत नाहीत, गुडघा टेकवून बसवता येत नाही. १९८४ साली खेळणी अशीच ताठ असायची. इथे गुण ७. पुढे, २००३ साली, टाकारानं ‘मास्टरपीस’ या नावानं मोठ्या माणसांसाठी एक नवा ऑप्टिमस काढला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, भरपूर धातूचा आणि बोटंसुद्धा हलवणारा. एखादा विषय कच्चा राहिला, तर मागाहून अभ्यास करून तो पक्का करता येतो, हे खेळण्यांनाही लागू आहे बरं का!

तिसरा विषय : रूपांतर

हा सगळ्यात अवघड पेपर. गाडी चांगली करणारे खूप, बाहुला चांगला करणारेही खूप. पण एकाच वस्तूतून दोन्ही काढायचे म्हणजे तारेवरची कसरत.

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही सांधे शिकला असाल. कोपर आणि गुडघ्याचा सांधा बिजागरीसारखा, एकाच दिशेनं उघड-मीट करणारा. खांद्याचा सांधा उखळीचा, सगळीकडे फिरणारा. यंत्रमानवातही हेच दोन सांधे असतात! जुन्या खेळण्यांत बहुतेक बिजागऱ्या. उखळीच्या सांध्यांचा भरपूर वापर सुरू झाला तो १९९६ मध्ये, ‘बीस्ट वॉर्स’ या मालिकेत. त्यात ट्रकऐवजी जनावरांचे यंत्रमानव होत. आता जनावर म्हटलं की वळायला हवं, झेप घ्यायला हवी. ताठ सांधे कसे चालतील?

रूपांतर तपासताना तीन प्रश्न विचारा. एक, कुठे जोर लावावा लागतो का? दोन, पुस्तिका न पाहता दुसऱ्यांदा जमतं का? तीन, एखादा भाग काढून बाजूला ठेवावा लागतो का?

या तिसऱ्या प्रश्नाला आपला विद्यार्थी अडखळतो. त्याचे दोन्ही पंजे सुटे आहेत, ते वेगळे बसवावे लागतात. ट्रेलरसुद्धा त्याच्या अंगाचा भाग होत नाही. तो उघडून त्याचा तळ तयार होतो, तो भाग मजेचा आहे. पण यंत्रमानव इकडे आणि ट्रेलर तिकडे. कार्टूनमध्ये तर रूप बदललं की ट्रेलर कुठे नाहीसा व्हायचा, कुणालाच कळायचं नाही! गुण ७.

चौथा विषय : हजेरी

आता मालकाचे विषय. सगळे भाग हजर आहेत का? हजेरीपट घेऊन नावं पुकारा. बंदूक? हजर. डावा पंजा? उजवा पंजा? छोटी गाडी रोलर? इंधनाचा पंप आणि त्याची नळी? क्षेपणास्त्रं? ट्रेलर?

चाळीस वर्षांत पंजे कुठल्या सोफ्याखाली गेले, देवाला ठाऊक. म्हणून सर्व भाग हजर असलेलं खेळणं दुर्मीळ झालं. खोकं आहे का तेही पाहतात. पण खोक्यावरही एक खूण शोधा. त्यावर ‘रोबोट पॉइंट’ नावाचे तुकडे छापलेले असत. ते कापून जमवायचे आणि कंपनीकडे पाठवून दुसरं खेळणं मागवायचं, अशी योजना होती. तेव्हा खोक्याला खिडकीएवढं भोक दिसलं, तर समजा की कुणीतरी मुलगा कात्री घेऊन आशेनं बसला होता.

पाचवा विषय : प्रकृती

हात आडवा वर उचला आणि सोडा. तिथेच राहिला तर सांधा घट्ट. धपकन खाली आला तर घासून झिजलेला. चकचकीत मुलामा कोपऱ्यांवर गेला आहे का? स्टिकर वाकडे आहेत का? हे स्टिकर मुलांनीच घरी चिकटवायचे असत. त्यामुळे वाकडा स्टिकर हा कारखान्याचा दोष नाही, कुणाच्या तरी घाईचा पुरावा आहे.

आणि दोन आजार नीट ओळखा. पहिला कावीळ. पांढरं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की पिवळं पडतं. १९८५ सालचा जेटफायर नावाचा पांढरा विमान-यंत्रमानव या आजारासाठी प्रसिद्धच आहे. दुसरा आजार भयंकर. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नंतर काही खेळण्यांत सोनेरी चमक मिसळलेलं प्लॅस्टिक वापरलं गेलं. ते काळानं इतकं ठिसूळ होतं की नुसता सांधा फिरवला तरी बिस्किटासारखं तुटतं. संग्राहक अशा खेळण्याला हात लावायलाही घाबरतात. दिसायला सोनं, आतून भुसा!

सहावा विषय : खरेपणा

ट्रान्सफॉर्मर्स इतके गाजले की लगेच नकला आल्या. म्हणून १९८५ पासून खेळण्यांवर एक चौकोनी काळी पट्टी लावू लागले. तिच्यावर बोट घासून ऊब दिली की आतून यंत्रमानवाचा चेहरा उमटे. उष्णतेनं रंग बदलणाऱ्या पदार्थाची ती करामत. पट्टीतून चेहरा उमटला तर खेळणं खरं.

आता डोकं चालवा. पट्टी नसली तर खेळणं खोटं का? नाही! १९८४ च्या पहिल्या खेळण्यांवर ती नव्हतीच. म्हणजे पट्टी हा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नाही.

दुसरा सापळा सालाचा. खेळण्याच्या अंगावर बारीक अक्षरांत साल कोरलेलं असतं. ते वाचून “हे तेव्हाचंच!” असं म्हणू नका. ते साल त्या रचनेच्या हक्काचं असतं, त्या नगाच्या जन्माचं नव्हे. जुन्या साच्यातून पुन्हा काढलेल्या खेळण्यावरही जुनं साल येऊ शकतं. ऑप्टिमसचंच पाहा ना. २००२ साली अमेरिकेत तो पुन्हा विक्रीला आला, तेव्हा मुलांना टोचू नये म्हणून त्याच्या केबिनमागच्या धुराड्याच्या नळ्या आखूड केल्या. जाणकार आधी त्या नळ्यांकडेच बघतात.

तिसरा सापळा तर उलटा. क्षेपणास्त्र उडत नाही म्हणून खेळणं बिघडलंय असं वाटतं. पण अमेरिकेत विकताना कित्येक खेळण्यांच्या स्प्रिंगा मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम ढिल्या केल्या होत्या. न उडणं हेच तिथे अस्सल!

बेरीज झाली, आता किंमत

कारखान्याच्या तीन विषयांत ९, ७ आणि ७. म्हणजे ३० पैकी २३. हे गुण त्या रचनेच्या सगळ्याच खेळण्यांना सारखे. मालकाच्या तीन विषयांचे गुण प्रत्येक नगाला वेगळे, ते तुम्ही हातात घेऊनच द्यायचे.

बाजारातली किंमत मात्र बहुतेक मालकाच्या विषयांवर ठरते. संग्राहक १ ते १० असे अंक देतात. कुणीही न उघडलेलं सीलबंद खोकं सगळ्यात वर. उघडलेलं पण पूर्ण त्याच्या खाली. सुटं आणि अपुरं तळाशी. कारण सोपं आहे. १९८४ साली खेळणी खूप विकली गेली, पण मुलांनी काय केलं? मुलांनी जे करायचं तेच. खोकं फाडलं, पंजे हरवले, ट्रेलरवर बसून बघितलं. न उघडलेली उरली थोडी, आणि ती मागणारे झाले खूप. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना हे माहीत आहे. तिकिटाचा एक दात तुटला तरी किंमत उतरते.

सातवा विषय

चौथीच्या वर्गात मी हा तपासणीचा खेळ घेतला. प्रत्येकानं एक खेळणं आणायचं आणि शेजाऱ्यानं गुण द्यायचे. एका मुलानं जत्रेतून घेतलेला ट्रक-यंत्रमानव आणला. एक हात नव्हता, एका चाकाच्या जागी बाटलीचं झाकण बसवलेलं. शेजारणीनं काटेकोर तपासलं. हजेरीत ३, प्रकृतीत २, खरेपणात शून्य. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, याच्याशी मी रोज खेळतो. त्याचे गुण कुठल्या विषयात लिहायचे?”

वर्ग गप्प झाला. खरंच, तो विषय आमच्या तक्त्यात नव्हताच. मग आम्ही सातवा रकाना आखला : खेळ.

आता या रकान्यात सीलबंद खोक्यातल्या ऑप्टिमसला काय लिहाल? चाळीस वर्षं तो एकदाही ट्रक झाला नाही, एकदाही यंत्रमानव झाला नाही. नापास म्हणवत नाही. मी लिहीन, ‘गैरहजर’. पण लगेच त्याला नावंही ठेवू नका. अशा न उघडलेल्या खेळण्यांमुळेच ती १९८४ साली नेमकी कशी होती ते आपल्याला कळतं. अमेरिकेत रॉचेस्टर गावी खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे. तिथल्या खेळण्यांच्या मानकरी यादीत २०२४ साली ट्रान्सफॉर्मर्सना जागा मिळाली. काही खेळणी जपायची, काही खेळायची. आपलं कुठलं ते आपण ठरवायचं.

हा सातवा विषय मोठ्यांनाही कधीकधी समजत नाही. १९८६ साली ट्रान्सफॉर्मर्सचा चित्रपट आला. नवी खेळणी बाजारात आणायची होती, म्हणून गोष्टीतले जुने यंत्रमानव काढून टाकायचं ठरलं आणि त्यात चक्क ऑप्टिमस प्राइम मेला! चित्रपटगृहात मुलं ढसाढसा रडली. कंपनीच्या दृष्टीनं तो जुना माल होता, मुलांच्या दृष्टीनं तो मित्र होता. शेवटी १९८७ साली कार्टून मालिकेत त्याला परत आणावं लागलं.

पालकांसाठी थोडंसं

मुलं असं खेळणं मागतात तेव्हा ‘केवढ्याला?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. तो चुकीचा नाही. पण त्याच्या जोडीला मुलांनाच वरचे सहा विषय तपासायला सांगा. जुनं खेळणं विकत घेत असाल तर आधी हजेरी घ्या, सांधे पाहा, नळ्या आणि पट्टी पाहा, मगच पैसे मोजा. ‘पुढे याची किंमत वाढेल’ या आशेवर घरखर्चातले पैसे गुंतवू नका. सगळेच जण जपू लागले की ती वस्तू दुर्मीळ राहत नाही. तीन वर्षांखालचं भावंडं घरात असेल तर बंदूक, पंजे, क्षेपणास्त्रं त्याच्या हाती लागू देऊ नका, ती घशात अडकू शकतात. आणि नवं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना ते सक्तीचं झालं आहे.

तुमचा गृहपाठ

चला, वही घ्या. घरातलं कुठलंही एक खेळणं निवडा. महागडंच हवं असं नाही. लाकडी बैलगाडी चालेल, ताईची जुनी बाहुली चालेल. सात रकाने आखा. रूप बदलणारं नसेल तर तिसऱ्या विषयात ‘काम’ तपासा : ते जे करायला बनवलंय ते नीट करतं का? प्रत्येक गुणापुढे कारण लिहा. ‘आवडलं म्हणून ९’ हे कारण धरायचं नाही, ‘चाकं सरळ फिरतात म्हणून ९’ हे धरायचं. मग तोच तक्ता मित्राला द्या आणि त्यालाही गुण द्यायला सांगा. तुमचे आणि त्याचे गुण जुळले नाहीत तर भांडू नका, कारणं ताडून पाहा.

सगळ्यात खाली शेऱ्यासाठी दोन ओळी सोडा. तिथे त्या खेळण्याबद्दल गुणांत न बसलेली एक गोष्ट लिहा. आमच्या वर्गातल्या त्या मुलानं लिहिलं होतं, ‘झाकणाचं चाक मी स्वतः बसवलं आहे.’ त्याखाली मी लाल पेननं सही केली.